फॅक्स येत नाही म्हणून मॉडेम भंगारात देऊ नका

"कॉम्प्युटरवर फॅक्स येत नसेल तर हे वाचा" अशा मथळ्याचा एक मेसेज गेल्या काही महिन्यांत मला सात-आठ जणांनी पाठवला. त्यातला मजकूर थोडक्यात असा: फॅक्स जातो पण येत नाही, म्हणजे मॉडेमचा (कॉम्प्युटर टेलिफोनच्या लाइनला जोडणाऱ्या यंत्राचा) घेणारा भाग जळाला. नवीन ५६के मॉडेम घ्या, फॅक्स वेगाने आणि स्वच्छ येतील. नवा येईपर्यंत एटीएस०=१ ही कमांड द्या. ईसीएम, म्हणजे फॅक्समधली चुका सुधारण्याची सोय, बंद करा. मॉडेमला वीज मिळत असली की पुरे, कॉम्प्युटर झोपलेला असला तरी चालतं. आणि शेवटचं, फायबरच्या लाइनवर फॅक्स चालतच नाही. तरी चालवायचाच असेल तर इंटरनेटचा स्पीड वाढवून घ्या.

मी वीस वर्षांहून जास्त काळ छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर आणि टेलिफोनच्या वायरी बघतो. उरण-न्हावा शेवा भागातल्या क्लिअरिंग एजंटांची काही ऑफिसं माझ्याकडे आहेत, आणि तिथे जपानमधल्या माल पाठवणाऱ्यांचे फॅक्स आजही येतात. फॅक्स कशाला वापरता, हा प्रश्न त्यांना विचारून उपयोग नाही. समोरचा ज्या रीतीने कागद पाठवतो त्या रीतीने तो घ्यावा लागतो. या मेसेजवर विसंबून दोन ऑफिसांनी चांगले चालणारे मॉडेम भंगारात दिले आणि नव्या मॉडेमवरही फॅक्स येईना, तेव्हा मला बोलावलं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी फॅक्सचा कॉल कसा चालतो ते बघू, कारण सगळी उत्तरं त्यातच आहेत. रिंग येते, मॉडेम फोन उचलतो आणि साधारण तीन सेकंद २१०० हर्ट्झची एक लांब शिट्टी देतो. मग खालच्या पट्टीत गुरगुरल्यासारखा आवाज येतो. तो ३०० बीपीएस (सेकंदाला ३०० बिट) वेगाचा निरोप असतो: मी फॅक्स आहे, मला इतक्या वेगाने घेता येतं, ईसीएम आहे किंवा नाही. पलीकडचं मशीन तसंच गुरगुरून उत्तर देतं, "ठीक, १४,४०० ने पाठवतो", आणि लगेच दीड सेकंद एक चाचणीचा आवाज सोडतं, पाणी जोरात पडावं तसा. तो नीट ऐकू आला तर आपला मॉडेम होकार देतो आणि पान सुरू होतं. नीट आला नाही तर नकार जातो, पलीकडचं मशीन वेग उतरवून पुन्हा चाचणी घेतं. १४,४०० वरून १२,०००, ९,६००, ७,२००, मग ४,८०० आणि २,४००. पान संपलं की पुन्हा गुरगुर, "मिळालं का", "मिळालं", आणि फोन ठेवला जातो.

आता "फॅक्स जातो पण येत नाही म्हणजे घेणारा भाग जळाला" हे बघा. फॅक्स पाठवतानाही मॉडेमला पलीकडचं ऐकावं लागतंच. पलीकडची क्षमता, चाचणीचा होकार, पानाची पोच, हे सगळं त्याच्या कानावर पडल्याशिवाय तुमचा फॅक्स गेलाच नसता. म्हणजे कान शाबूत आहेत. एवढं मात्र मान्य करायला हवं की पाठवताना तो फक्त ३०० चं सावकाश बोलणं ऐकतो, पानाच्या वेगाचं नाही. त्यामुळे जाणाऱ्या फॅक्सवरून मॉडेमला पूर्ण प्रमाणपत्र देता येत नाही. पण माझ्या अनुभवात मॉडेम जळतो तो बहुधा वळवाच्या विजांत, आणि तेव्हा डायलटोनसुद्धा मिळत नाही. जाणंही बंद, येणंही बंद.

येणारा फॅक्स अडतो तो बहुतेक वेळा फोन उचलण्याआधी. पहिली गोष्ट, रिंगांची संख्या. टेलिफोनही त्याच लाइनवर, म्हणून लोक प्रोग्रॅममध्ये "आठ रिंगनंतर उचल" असं ठेवतात, माणसाला आधी उचलता यावा म्हणून. आपल्याकडची जोडरिंग साधारण तीन सेकंदांनी पुन्हा वाजते, म्हणजे आठ रिंगांत चोवीस सेकंद गेले. फॅक्सच्या मानकात पाठवणाऱ्या मशीनने ओळख पटण्याची वाट बघायची मुदत ३५ सेकंद आहे, पाच इकडे किंवा तिकडे. बरीच मशीनं ती मुदत नंबर फिरवून झाला की मोजायला लागतात. परदेशातून कॉल जोडायलाच दहा सेकंद गेले तर तुमचा मॉडेम शिट्टी वाजवायला लागेपर्यंत पलीकडच्याने फोन ठेवलेला असतो. दोन रिंगांवर आणा, निम्मे "जळालेले" मॉडेम तिथेच बरे होतात. दुसरी गोष्ट, त्याच लाइनवरचं आन्सरिंग मशीन किंवा उत्साहाने पॅरलल फोन उचलणारा माणूस. तिसरी, दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रॅमने मॉडेमचा पोर्ट धरून ठेवलेला असणं. फॅक्स प्रोग्रॅम सुरू दिसतो, पण पोर्ट त्याच्या हातात नसतो.

यातलं काय झालंय ते कळायला पाच मिनिटं लागतात. फॅक्स प्रोग्रॅम बंद करा, टर्मिनलचा (मॉडेमला थेट कमांड टाइप करता येतात असा) कुठलाही साधा प्रोग्रॅम उघडा, मॉडेमचा पोर्ट निवडा आणि एटी (AT) टाइप करा. ओके आलं तर मॉडेम बोलतोय. मग मोबाइलवरून त्या लाइनला फोन लावा. पडद्यावर रिंग हा शब्द उमटला तर रिंग ओळखणारा भाग ठीक आहे. टेलिफोन वाजतोय आणि पडद्यावर काहीच नाही, असं झालं तर आधी वायर आणि सॉकेट बदलून बघा. तरीही नाहीच आलं तर मात्र मॉडेमवर संशय घ्या. तो भाग एकटा बिघडू शकतो, मी पाहिलाय. पण मेसेजमध्ये म्हटलंय तसा तो पहिला निष्कर्ष नव्हे.

"५६के घेतला की वेगाने येईल." हे साफ चूक आहे. ५६के हा आकडा इंटरनेटच्या डायल-अपचा, तोही फक्त डाउनलोडचा. फॅक्सचा त्याच्याशी काही संबंध नाही. नेहमीचा फॅक्स जास्तीत जास्त १४,४०० ने चालतो. ३३,६०० चा वेगवान प्रकार आहे, पण त्याला दोन्ही बाजूंची यंत्रं तशी लागतात, आणि खराब लाइनवर तोच आधी कोसळतो. माझ्याकडचे बिघाड मी वेग वाढवून नाही, उतरवून दुरुस्त केलेत. पहिल्या निरोपात तुमचा मॉडेमच स्वतःचा कमाल वेग सांगतो. प्रोग्रॅममध्ये तो ९,६०० केला की पलीकडचं मशीन त्याच्यावर जाऊच शकत नाही. पान थोडं हळू येतं, पण येतं.

इथेच स्प्लिटरचं सांगतो. तांब्याच्या जोडीवर ब्रॉडबँड असेल तर भिंतीजवळ एक छोटी पांढरी डबी असते, तिला लाइन, फोन आणि मॉडेम अशी तीन तोंडं. त्यातलं "मॉडेम" म्हणजे ब्रॉडबँडचा मॉडेम. फॅक्सचा मॉडेम "फोन"च्या तोंडाला लावायचा. नाव वाचून फॅक्स मॉडेम चुकीच्या तोंडाला लावलेला मी किती ठिकाणी पाहिला त्याची गणती नाही. रिंग येते, उचललाही जातो, पण ब्रॉडबँडचा सगळा गोंगाट त्याच्या कानात जातो आणि चाचणी प्रत्येक वेगाला नापास होते.

एटीएस०=१ चा सल्ला अर्धवट माहितीतून आलाय. ही कमांड मॉडेमला सांगते की पहिल्या रिंगला तूच फोन उचल. पण कसा उचल, डेटासाठी की फॅक्ससाठी, हे ती सांगत नाही. मॉडेम सुरू होतो तेव्हा तो डेटाच्या अवस्थेत असतो. मग तो उचलतो, त्याचीही शिट्टी २१०० हर्ट्झचीच, पलीकडच्या फॅक्सला वाटतं आपला माणूस भेटला, आणि मग गुरगुरणारा निरोप येतच नाही, कारण मॉडेम डेटाची बोली बोलायला लागलेला असतो. लाइन कापली जाते. एस० हा आकडा शून्यावरच ठेवा आणि उचलण्याचं काम फॅक्स प्रोग्रॅमला करू द्या; रिंग आल्यावर एटी+एफक्लास=१ वगैरे द्यायचं त्याला कळतं. ज्यांनी ही कमांड देऊन सेव्ह केली असेल त्यांनी ती आधी काढा.

कॉम्प्युटर झोपला तरी चालतं, हे काही जुन्या बाहेरच्या मॉडेमांबद्दल खरं होतं. त्यांच्यात स्वतःची मेमरी असे. आज बाजारात मिळणारा यूएसबी मॉडेम बहुतेक क्लास १ चा असतो, म्हणजे मघाशी सांगितलेलं सगळं बोलणं कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम करतो, मॉडेम फक्त आवाज काढतो आणि ऐकतो. कॉम्प्युटर झोपला की बोलणाराच गेला. स्लीप बंद करा, आणि वीज वाचवण्यासाठी यूएसबी बंद करण्याची जी सेटिंग असते तीही बंद करा. रात्री येणारे फॅक्सच हुकत असतील तर पहिला संशय याच्यावर घ्या.

ईसीएमचा मुद्दा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे आणि म्हणून लोकांना तो पटतो. ईसीएम चालू असताना पान २५६ बाइटच्या तुकड्यांत येतं, प्रत्येक तुकडा तपासला जातो, खराब तुकडे पुन्हा मागवले जातात. लाइन फारच वाईट असेल तर हे मागवणं संपत नाही आणि कॉल तुटतो. ईसीएम बंद केलं की कॉल तुटायचा कमी होतो, हे खरं. पण चुका कुठे जात नाहीत, त्या पानावर उतरतात. साध्या रिझोल्यूशनला फॅक्स एका मिलिमीटरमध्ये ३.८५ ओळी काढतो. टाइप केलेला आकडा साधारण तीन मिलिमीटर उंच धरला तर तो अकरा-बारा ओळींतच बसवलेला असतो. एक बिट चुकला की त्या ओळीचा उरलेला भाग जातो, आणि ज्या पद्धतीत एक ओळ वरच्या ओळीवरून काढली जाते तिच्यात खालचीही बिघडते. आकड्याच्या मधल्या दोन-तीन ओळी गेल्या की ८ चा ० वाटतो. माझ्या समोर एका इन्व्हॉइसवर वजनाच्या रकान्यात हेच झालं होतं, आणि माल बंदरात असताना पुन्हा कागद मागवावा लागला. फॅक्स आलाच नाही तर माणूस फोन करून विचारतो. चुकीचा आकडा घेऊन आलेला फॅक्स तो फाइलला लावतो. ईसीएम चालू ठेवा. कॉल तुटत असेल तर वेग उतरवा. अगदीच इलाज चालेना आणि कागद नुसत्या मजकुराचा असेल तेव्हाच बंद करा, आणि नंतर आठवणीने चालू करा.

फायबरचं जरा थांबून सांगतो, कारण आता हाच प्रश्न सगळीकडे आहे. फायबर आलं की टेलिफोन राउटरच्या मागच्या फोनच्या तोंडाला लागतो. आवाजाचे छोटे तुकडे करून ते इंटरनेटच्या पद्धतीने पाठवले जातात, बहुधा वीस-वीस मिलिसेकंदांचे. बोलताना एक तुकडा हरवला तर कानाला समजतही नाही. १४,४०० च्या फॅक्सचे तेवढ्यात २८८ बिट गेलेले असतात. शिवाय आवाज दाबून लहान करणारी पद्धत वापरली असेल तर ती माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असते. मॉडेमचे सूर तिच्यातून ओळखू येण्यासारखे बाहेर पडत नाहीत. म्हणून फायबरवर फॅक्स अडतो. पण "चालतच नाही" हे खरं नाही. १९९८ पासून टी.३८ नावाचं मानक याचसाठी आहे. त्यात फॅक्सचे सूर आवाज म्हणून पाठवतच नाहीत; राउटर ते ऐकून त्यांचा अर्थ डेटा म्हणून पाठवतो आणि पलीकडे पुन्हा सूर काढले जातात. ते नसेल तर निदान जी.७११, म्हणजे न दाबलेला आवाज, हवा. इंटरनेटचा स्पीड वाढवून यातलं काहीच बदलत नाही. न दाबलेल्या कॉललासुद्धा प्रत्येक दिशेला १०० केबीपीएस पुरतात, आणि तुमच्याकडे त्याच्या कित्येक पट असतात. तुकडे हरवणं आणि उशिरा पोहोचणं हा वेगळा आजार आहे.

एका ऑफिसात फायबर आल्यापासून जपानचे फॅक्स पहिल्या पानाच्या मध्यात तुटत होते. मॉडेमचा स्पीकर चालू केला (एटीएम२, म्हणजे कॉल संपेपर्यंत आवाज) आणि फॅक्स यायची वाट बघत बसलो. शिट्टी, गुरगुर, चाचणी, नकार, पुन्हा चाचणी, पुन्हा नकार, तिसऱ्यांदा होकार, पान सुरू, आणि दहा-बारा सेकंदांनी मध्येच शांतता. मॉडेम ऐकत होता, बोलत होता, लाइन साथ देत नव्हती. ३३,६०० बंद केलं, कमाल वेग ९,६०० केला, तर पाचांतले तीन फॅक्स पूर्ण यायला लागले. उरलेल्यांसाठी सेवा देणाऱ्या कंपनीला फोन केला. पहिल्या दोघांनी राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. तिसऱ्या खेपेला "आमच्या फोनच्या पोर्टवर टी.३८ चालू करा, नाहीतर जी.७११ ठेवून इको कॅन्सलर फॅक्सच्या वेळी बंद करा" (इको कॅन्सलर म्हणजे लाइनवरचा प्रतिध्वनी पुसणारी सोय) असं नेमक्या शब्दांत सांगितलं, तेव्हा कॉल वरच्या माणसाकडे गेला आणि त्याने पाच मिनिटांत सेटिंग बदललं. मॉडेम तोच आहे, अकरा वर्षांचा.

तुम्हालाही तक्रार करावी लागली तर "फॅक्स येत नाही" एवढंच सांगू नका. दोन-तीन कॉलची वेळ, पाठवणाऱ्याचा नंबर, रिंग आली का, शिट्टीनंतर काय ऐकू आलं, पान सुरू होऊन तुटलं की त्याआधीच, एवढं कागदावर लिहून ठेवा आणि फोनवर वाचून दाखवा. कॉल वेटिंग असेल तर तेही त्याच फोनवर काढून घ्या. पान चालू असताना येणारी त्याची टिकटिक चांगल्या लाइनवरही फॅक्स तोडते.