म्हणे, संसाराकडे पाहिलं नाही!

मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे ते गेल्यावरच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, आमच्या नागपुरातल्या इंदोऱ्याच्या बुद्धविहारात बरेच जण बोलले. जो उठला तो फिरून फिरून त्याच मुक्कामावर यायचा: "त्यांनी कधी संसाराकडे पाहिलं नाही, समाजासाठी झिजले." लोक माना डोलावत होते. सासूबाईंच्या कपाळावर मात्र आठी.

सगळे प्रेमानं बोलले, त्याबद्दल वाद नाही. पण घराकडे न पाहणं हे कौतुक कधीपासून झालं? आणि मामाजींच्या बाबतीत तर ते साफ खोटं आहे. सून म्हणून त्या घरात राहिलेय मी.

मामाजी अजनीच्या लोको शेडमध्ये फिटर होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला ते आठ वर्षांचे, वडिलांचं बोट धरून व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या त्या मैदानात, म्हणजे आजच्या दीक्षाभूमीवर, गेलेले. कोणी त्या दिवसाची आठवण विचारली की म्हणायचे, "मले बाबासाहेब दिसलेच नाही जी. लोकायच्या पाठी दिसल्या. पांढऱ्या पाठी." चंद्रमणी महास्थविरांकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली, मग स्वतः लाखोंना दिली, बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या, हे सारं त्यांना पुढे घरच्या मोठ्यांकडून कळलं. प्रतिज्ञा मात्र शेवटपर्यंत पाळल्या. पगाराच्या दिवशी शेडमधली मंडळी बसली की हे सोडा पिऊन घरी.

त्यांची समाजसेवा चालायची ती मेडिकलमध्ये. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते, मेडिकल म्हणजे आमचं शासकीय मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल. गडचिरोली, चंद्रपूर, पार बालाघाट-छिंदवाड्याहून पेशंट येतात. पेशंट आत, नातेवाईक बाहेर पथारी टाकून. चिठ्ठी कुठे काढायची, रक्त कुठे मिळतं, एक्स-रे कोणत्या इमारतीत, काहीच ठाऊक नसतं. मामाजी सुट्टीच्या दिवशी, आणि रिटायर झाल्यावर जवळजवळ रोज, तिथे जायचे. खिशात बॉलपेन. वाचता न येणाऱ्या माणसाच्या तळहातावर वॉर्ड आणि खाटेचा नंबर लिहून द्यायचे: "हरवला तं हात दाखवजो कोणाले बी." पंचा भिजवून सारखं तोंड पुसणाऱ्या एका म्हाताऱ्याचा नंबर घामानं पुसला जात होता, तर त्याच्या मनगटावर पट्टी बांधून तिच्यावर लिहिला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, डबा द्यायला गेले होते तेव्हा.

आता घराचं. नाइट ड्यूटी करून आलेला हा माणूस आधी दोन्ही मुलींच्या वेण्या घालायचा, मग झोपायचा. नणंदा अजून सांगतात, बाबांची वेणी शाळा सुटेपर्यंत हलायची नाही. फिटरचा हात तो! माझ्या बाळंतपणात त्यांनी मेडिकलच्या मित्रांना निरोप धाडला, "दोन महिने येत नाही, आमचं मेडिकल घरीच आहे." आणि खरंच नाही गेले. बाळाचे लंगोट वाळत घालताना गल्लीतले हसायचे, त्याचं त्यांना काही नव्हतं.

एकदा सासूबाईंच्या माहेरची सोलापुरी चादर त्यांनी न विचारता मेडिकलमधल्या एका बाईला देऊन टाकली. थंडीचे दिवस होते, बाईजवळ काही नव्हतं, सगळं खरं. सासूबाई म्हणाल्या, "दान तुमचं झालं, पण चादर तं माही होती न!" आणि बोलणं बंद. मामाजी पडले हट्टी, लवकर नमले नाहीत. पण नमले. त्यानंतर घरातली वाटीसुद्धा सासूबाईंना विचारल्याशिवाय बाहेर गेली नाही. कधी त्या "नाही" म्हणायच्या, मग ती वस्तू घरातच राहायची.

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात सिगालोवाद सुत्त वाचलं जातं, संसारी माणसाला बुद्धांनी केलेला उपदेश. सिगाल नावाचा राजगृहाचा तरुण ओलेत्यानं सहा दिशांना हात जोडत असतो. बुद्ध त्याला सांगतात की पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे बायकोमुलं. नवऱ्याची कर्तव्यंही त्यात मोजून पाच: मान द्यावा, अपमान करू नये, इमान राखावं, घराचा अधिकार तिच्या हाती द्यावा, दागिने करावेत. शेवटच्यावर बायकांच्या रांगेत हशा पिकायचा. एका दिवाळीला बोनस झाला आणि मामाजी इतवारीच्या सराफ्यातून कानातले घेऊन आले. "सुत्तातच हाय," एवढंच बोलले.

सेवेपायी ज्यांची घरं उपाशी राहिली अशी माणसं आपल्याकडे आहेत, त्यांचा त्याग मी लहान मानत नाही. पण त्या घरातल्या बाईला कोणी विचारलं होतं का? मामाजींनी विचारलं. उशिरा विचारलं, पण विचारलं. मला ते जास्त कठीण वाटतं, कारण मेडिकलमध्ये लोक पाया पडतात आणि घरी हिशेब मागतात.

वर्षश्राद्धासारखं काही करायचं नाही, हे त्यांनीच सांगून ठेवलेलं. पण मंडळ स्मरणिका काढतंय आणि माझ्याकडे लेख मागितलाय. हाच पाठवतेय. कार्यकर्त्यांचं म्हणणं आहे की चादरीचा किस्सा बरा दिसत नाही, तेवढा काढा. सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "चादर राहू दे, बाकीचं काढा म्हणावं."