मुदत संपलेल्या इंजिन डिस्कबाबत खुलासा

‘विमानाच्या इंजिनातील डिस्कची मुदत संपली, तरी तपासणीत तडा दिसला नाही तर ती पुन्हा बसवता येते,’ असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. डिस्क म्हणजे इंजिनातील पाती धरून ठेवणारी, वेगाने फिरणारी चकती. डिस्कच्या वापराची ही मुदत मुख्यतः ‘सायकलीं’त (एक सायकल म्हणजे साधारण एक उड्डाण: इंजिन सुरू होण्यापासून बंद होईपर्यंत) मोजतात, कारण प्रत्येक उड्डाणात इंजिन पूर्ण वेग घेऊन पुन्हा थंडावते आणि त्या ताणाने धातू थोडा थोडा थकत जातो. मर्यादा गाठलेली डिस्क, वरून कितीही चकचकीत दिसली तरी, काढावीच लागते.

निव्वळ तपासणीवर विसंबणे किती घातक ठरते, हे १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील सू सिटीच्या अपघातात दिसले. युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाची टायटॅनियमची फॅन डिस्क (इंजिनाच्या पुढच्या पंख्याची डिस्क) हवेतच फुटली. धातू तयार होतानाच राहिलेल्या दोषातून वाढलेला तडा, चमकणारा द्रव लावून अतिनील प्रकाशात केलेल्या तपासणीतही सुटला होता. त्या डिस्कच्या १५,५०३ सायकली झाल्या होत्या, मर्यादा १८,००० होती. म्हणजे मुदतीच्या आतही धोका उरतो, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यातून मुदत झुगारण्याचे समर्थन निघत नाही. उलट अमेरिकेत नव्या इंजिनाला मंजुरी घेताना मुदतीबरोबरच अशा दोषांचाही हिशेब उत्पादकाला मांडावा लागतो.