खाशाबांच्या पुस्तकाबद्दलच्या तुमच्या तक्रारीवर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री दुकान बंद केल्यावर वाचला. सहा वर्षांच्या मुलासाठी तुम्ही आमच्याकडून पैलवान खाशाबा जाधव आणि चित्रपटकार बाबूराव पेंटर यांची चित्रचरित्रं नेलीत. खाशाबांच्या पुस्तकाची शेवटची पानं चार दिवसांत सुटली, त्यातलं एक हरवलंही. बदलून मागायला आलात तर काउंटरवर ‘उघडलेलं पुस्तक परत घेत नाही’ असं ऐकावं लागलं. चूक आमची आहे, मनापासून माफी मागतो. आज सकाळी उरलेल्या सगळ्या प्रती उघडून पाहिल्या. आणखी दोन प्रतींची पानं बोट लावताच हलत होती, त्या प्रकाशकाकडे परत चालल्यात. तुमच्यासाठी तपासलेली एक प्रत काढून ठेवली आहे. पावती नसली तरी चालेल.

पण पुढे तुम्ही लिहिलंय की हे पुस्तक लहान मुलांचं नाहीच, त्यात नुसती गरिबी, हार आणि कर्ज आहे, आणि खाशाबांसाठी घर गहाण टाकणाऱ्या खर्डेकर सरांबद्दल मुलगा रात्री विचारत राहिला, “मग सरांचं घर गेलं का?”

ताई, त्याचं उत्तर नेमकं त्या हरवलेल्या पानावर आहे. घर गेलं नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकहून आल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या घेतल्या, जिंकल्या आणि त्या पैशातून सरांचं घर सोडवलं. चित्रात सर दारात उभे आहेत आणि खाशाबांच्या पायांना अजून लाल माती लागलेली आहे. ते पान न बघताच पोर झोपलं, याचं मला फार वाईट वाटलं.

हार आणि कर्ज मात्र पुस्तकात असायलाच हवं. १९४८ ला लंडनमध्ये खाशाबा सहावे आले. मातीत तयार झालेला पैलवान तिथे पहिल्यांदाच मॅटवर उतरला होता. पुढच्या ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले, तेव्हा कुठे १९५२ चं कांस्यपदक आलं. एवढं गाळलं तर गोष्टीत उरतं काय? एक माणूस परदेशी गेला आणि पदक घेऊन आला. महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला २०२४ उजाडलं, तेही आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या नेमबाज स्वप्निल कुसाळेमुळे. तुमच्या मुलाला पदकापेक्षा सरांच्या घराची काळजी लागली. माझ्या मते त्याला पुस्तक बरोबर कळलं.

बाबूरावांच्या पुस्तकात मजकूर कमी आहे, दहा मिनिटांत संपतं, हेही खरं. पण कॅमेऱ्याचे सुटे भाग मांडलेलं ते जोडपान आहे ना, एकही शब्द नसलेलं, तिथे एकदा त्याला थांबू द्या. आनंदराव आणि बाबूराव या भावांनी तो सिनेमाचा कॅमेरा बनवायला घेतला. आनंदराव मध्येच गेले, बाबूरावांनी तो पुरा केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. कुठला भाग कशाला, हे मुलं स्वतःच शोधत बसतात. आमच्या दुकानात एक मुलगी त्या पानावर बोट फिरवत अर्धा तास बसली होती, आई हाका मारून दमली.

तरीही तुम्हाला ही पुस्तकं नकोच असतील, तर दोन्हींचे पैसे परत देईन. फक्त एक विनंती आहे, मुलाला सोबत आणा आणि आधी ते शेवटचं पान त्याला दाखवू द्या.