‘थीफ’ राहिलाच की!
१९९८ साली आलेल्या व्हिडिओ गेम्सवरचा तुमचा लेख मनापासून आवडला. हाफ-लाइफ, स्टारक्राफ्ट, ऑकारिना ऑफ टाइम ही नावं हवीतच. पण त्याच वर्षी आलेल्या ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’चा उल्लेखही नाही, याचं फार वाईट वाटलं.

तेव्हाच्या शूटर गेम्समध्ये दिसेल त्याला गोळ्या घालत सुटायचं. ‘थीफ’मध्ये मात्र आपण चोर, लपतछपत फिरायचं आणि अंधार हाच आपला आधार. स्क्रीनच्या खाली एक खडा असायचा. आपण उजेडात आलो की तो उजळायचा. पाण्याचा बाण मारून मशाल विझवायची आणि भिंतीला धरून पुढे सरकायचं. गालिच्यावर पाऊल वाजत नसे, पण संगमरवरी फरशीवर टक्-टक् आवाज झाला की पहारेकरी थबकायचा, कान टवकारायचा. हेडफोन लावून रात्री खेळताना मी अक्षरशः श्वास रोखून बसायचो! सगळ्यात कठीण पातळीवर तर माणूस मारायलाच बंदी. केवढा धाडसी निर्णय होता तो!

‘थीफ’ बनवणारा लुकिंग ग्लास स्टुडिओ २००० साली बंद पडला, याची हळहळ अजून वाटते. आज लपूनछपून खेळायचे जे गेम्स येतात, त्यांच्यावर ‘थीफ’चं मोठं ऋण आहे. पुढच्या भागात त्याच्यावर जरूर लिहा.