एक अट बदलून पाहू

गेली अठरा वर्षे मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते आहे. या काळात सर्जनशील विचार वाढवण्याविषयीची जी प्रशिक्षणे मला मिळाली, त्यांत बहुतेक वेळा एखादा भलामोठा विषय देऊन ‘मनात येईल ते लिहा’ असे सांगितले जाई, आणि समोरचा कागद बराच वेळ कोराच राही. हाच प्रयोग मी माझ्या वर्गातही केला, तेव्हा मुलेही तशीच अडली. आता माझे मत असे झाले आहे की चांगली कल्पना सुचायला आधी एक लहानसा, नेमका बांधलेला प्रश्न लागतो, तो हाताने पुन्हा पुन्हा सोडवून पाहण्याइतका निवांत वेळ लागतो आणि मग त्यातली एखादी अट बदलण्याची मुभा लागते. हे मला देवळालीच्या एका शिक्षकांच्या कामातून उमगले, म्हणून त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले, १९२९ मध्ये ते पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवले. गणिताचे पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. बेरीज, वजाबाकी, गुणाकार एवढ्याच सामग्रीवर त्यांनी आयुष्यभर काम केले, आणि तरीही त्यांच्या नावाची संख्या आज जगभरच्या गणितप्रेमींना माहीत आहे.

ती संख्या म्हणजे ६१७४. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, फक्त तिचे चारही अंक सारखे नसावेत. समजा, ३५२४. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. आलेल्या उत्तरावर पुन्हा हीच क्रिया केली की ८३५२ येते आणि आणखी एकदा केली की ६१७४. पुढे कितीही वेळा केली तरी ६१७४ हलत नाही. सुरुवात कुठूनही करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण इथेच पोहोचतो. कापरेकरांनी हे १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडले.

दरवर्षी आठवीच्या वर्गात मी हे करून घेते. काही वर्षांपूर्वी एका मुलाने २१११ ही संख्या घेतली. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. त्याने पुढचे शून्य लिहिले नाही, तीन अंकांवरच क्रिया केली आणि उत्तर शून्य आले. ‘बाई, माझी संख्या मेली,’ असे तो म्हणाला. माझ्या हातात लाल पेन होते आणि ‘०९९९ असे लिहायचे होते’ हे वाक्य ओठांवर आले होते. तेवढ्यात त्याच्या शेजारच्या मुलीने विचारले, ‘मग तीन अंकांचेच केले तर सगळ्या संख्या मरतात का?’ त्या दिवशी आम्ही धडा बाजूला ठेवला. तीन अंकांत, सगळे अंक सारखे नसतील आणि शून्य जपले तर, प्रत्येक संख्या ४९५ वर येऊन थांबते, हे मुलांनी स्वतः शोधून काढले. दोन अंकांत तर कुठेच थांबा मिळाला नाही: ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९. मी ती चूक दुरुस्त करून पुढे गेले असते तर यातले काहीही घडले नसते, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

यापुढची पायरी मला अधिक मोलाची वाटते, कारण तिथे नुसते करून पाहणे संपते आणि कल्पना सुरू होते. संख्या हजारो आहेत, मग सगळ्यांचा शेवट एकच कसा? उतरत्या क्रमातल्या पहिल्या व चौथ्या अंकांमधला फरक आणि दुसऱ्या व तिसऱ्या अंकांमधला फरक, या दोनच गोष्टींवर वजाबाकीचे उत्तर ठरते: पहिल्या फरकाची ९९९ पट अधिक दुसऱ्या फरकाची ९० पट. म्हणजे पहिल्याच वजाबाकीनंतर केवळ ५४ शक्यता उरतात आणि त्या एका दुपारी वहीत तपासून होतात. कशाकडे लक्ष द्यायचे नाही हे ओळखणे हा सर्जनशीलतेचा फार मोठा भाग आहे, आणि तो आपण मुलांना जवळजवळ कधीच शिकवत नाही.

कापरेकरांची दृष्टी कुठेही जागी असे. १२१, १२३२१ अशा संख्यांच्या कुळाला त्यांनी ‘डेमलो’ हे नाव दिले, कारण ती कल्पना त्यांना डोंबिवली स्थानकावर सुचली आणि त्या स्थानकाचे तेव्हाचे नाव डेमलो होते. आपल्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या, जसे १८, अशा संख्यांना ते ‘हर्षद’ म्हणत, म्हणजे आनंद देणाऱ्या. देशातल्या गणितज्ञांनी सुरुवातीला हे काम गांभीर्याने घेतले नाही. कितीतरी निष्कर्ष त्यांना स्वतःच छापावे लागले. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि हे नाव दूरवर पोहोचले; तेव्हा कापरेकर सत्तरीत होते.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न मला पालकसभेत हमखास विचारला जातो. पालकांची काळजी मला कळते, कारण परीक्षेत यावर एकही गुण नसतो. परंतु हा प्रश्न फार लवकर विचारला तर कोवळी कल्पना तिथेच सुकते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तो विचारावा, पण मुलाने वहीची चार-पाच पाने भरल्यावर विचारावा.

सध्या माझ्या वर्गात पाच अंकी संख्यांचे काम चालू आहे. एका गटाला काल ५३९५५ वरून ५९९९४ आणि तिथून परत ५३९५५ असा फेरा सापडला. दुसरा गट म्हणतो की त्यांचा फेरा वेगळा आहे आणि चार पायऱ्यांचा आहे. दोन्ही फेरे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले आहेत, आणि ते पुसू नयेत अशी विनंती मी पुढच्या तासाच्या शिक्षकांना केली आहे.