आधी निष्कर्ष, मग प्रश्नावली

पीएचडीचा विषय मंजूर झाला? मग आधी निष्कर्ष लिहून टाका. त्याला शोभणारी प्रश्नावली मग एका दुपारीत होते.

प्रश्न असा घाला : 'मोबाइलमुळे तरुणांचं वाचन आणि संस्कार बिघडले आहेत, असं आपल्याला वाटतं का?' वाचन गेलं पण संस्कार शाबूत आहेत असं ज्याला वाटतं, त्यानं खूण कुठे करायची, ही त्याची अडचण. लायकर्टसाहेबांनी १९३२ साली दिलेली, 'पूर्ण असहमत'पासून 'पूर्ण सहमत'पर्यंत पाच रकान्यांची मोजपट्टी आहेच. तिच्या मधल्या 'तटस्थ' रकान्यात 'माहीत नाही', 'प्रश्न कळला नाही' आणि 'सोडा हो मला' हे तिघं गुण्यागोविंदानं नांदतात. तिघांना सरसकट ३ गुण द्या आणि सरासरी काढा. ३.२७ म्हटलं की परीक्षक पुढचं पान उलटतात.

नमुना म्हणजे आपल्याच कॉलेजातली पोरं आणि सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप. गूगल फॉर्म मावशीनं दोनदा भरला तर उत्तमच, आकडा वाढतो. १९३६ साली अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकानं राष्ट्राध्यक्ष कोण होणार याचा सुमारे एक कोटी लोकांना टपालानं कौल विचारला, वीस लाखांहून जास्त उत्तरं आली आणि रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन निवडून येणार हे ठरलं. आले रूझवेल्ट, ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून. पत्ते बरेचसे टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींच्या नोंदींतून काढले होते. ऐन मंदीत ज्यांच्याकडे दोन्ही नव्हतं, त्यांना विचारणार कोण? पण तुम्ही घाबरू नका. प्रबंधानंतर निवडणूक होत नसते.

फक्त प्रत्यक्ष बघायला जाऊ नका. लापिएर नावाचा समाजशास्त्रज्ञ एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर हिंडला. अडीचशे हॉटेलं-खाणावळींत त्यांना जागा मिळाली, नकार एकदाच. मग त्यानं त्याच मालकांना पत्रानं विचारलं, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? ज्यांनी उत्तर दिलं, त्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त 'नाही' म्हणाले. १९३४ साली हे छापून आलं. नुसती पत्रं पाठवली असती तर बिचाऱ्याचा प्रवासखर्च वाचला असता आणि निष्कर्षही कसा स्वच्छ निघाला असता!

म्हणून सर्वेक्षण दारातूनच उरका. 'घरातले निर्णय कोण घेतं?' हे बाईला नवऱ्यासमोरच विचारा. ती त्याच्याकडे बघेल, तो म्हणेल, "दोघं मिळून." करा खूण. चहाला मात्र बसू नका. कप द्यायच्या निमित्तानं ती हळूच भलतंच काही सांगेल आणि त्याला फॉर्मात रकाना नाही.