"एक वायर हलवली आणि २,१२४ रुपये घेतले" या अभिप्रायाला आमचे उत्तर

नमस्कार सर,

आमचं काउंटर कार्ड घेऊन तुमच्या केबल रिवाइंडिंग मशीनचं काम अडलं, तुम्हाला मनस्ताप झाला, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. तुम्ही एक स्टार दिलात आणि लिहिलंत की कार्ड सदोष आहे, १०० मीटरच्या रोलला १०३ मीटर दाखवतं, आणि आमच्या माणसाने येऊन फक्त एक वायर हलवून पैसे घेतले. बाकी सगळं मान्य करून गप्प बसलो असतो, पण त्या "फक्त"वर बोलणं भाग आहे.

आधी कार्डाचं. मेझरिंग व्हीलवरचा एन्कोडर व्हील फिरेल तसे विजेचे ठोके, म्हणजे पल्स, पाठवतो आणि पीसीतलं कार्ड ते मोजून लांबी काढतं. सिग्नल जनरेटरवरून ५०,००० पल्स सोडले, कार्डाने ५०,००० मोजले. तुमच्या सुपरवायझरांसमोर तीनदा. शिवाय तुमची चूक दर रोलला वेगळी होती, कधी १०३, कधी १०१.२. मेझरिंग व्हील झिजलं असतं तर फरक दर वेळी सारखाच आला असता. बदलती चूक म्हणजे बाहेरून येणारे खोटे पल्स, आणि मशीन उभं असताना व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) चालू केला की आकडा आपोआप वाढत होता, हे तिथे सगळ्यांनी पाहिलं.

कारण जोडणीत होतं. तुमचा एन्कोडर फेऱ्याला १००० पल्सचा, लाइन ड्रायव्हर आउटपुटचा, म्हणजे प्रत्येक सिग्नलसोबत त्याचा उलटाही पाठवणारा. त्यातून ए आणि त्याचा उलटा ए-बार, बी आणि बी-बार अशा चार तारा येतात. पॅनेलवाल्याने फक्त ए आणि शून्य व्होल्ट जोडले होते, उरलेल्या तीन टेप लावून सोडलेल्या. एकट्या ए वर कार्डाला दिशा कळत नाही. ड्रम थांबताना व्हील जरा मागेपुढे डुललं तरी पल्सची प्रत्येक कड पुढेच मोजली जाते. त्यात ही केबल मोटरच्या केबलसोबत एकाच ट्रेमध्ये, आणि शील्ड (तारांभोवतीची धातूची जाळी) दोन्ही टोकांना अर्थ केलेली. दोन अर्थमधल्या फरकाचा प्रवाह त्या शील्डमधून फिरत होता. ड्राइव्ह प्रत्येक स्विचिंगला जो झटका देतो, तो कार्डाला पल्सच वाटणार. कार्डाने दुसरं काय करावं?

आता "एक वायर". चारही तारा जोडल्या. ए आणि बी, दोन्ही चॅनेलचे जंपर सिंगल-एंडेडवरून (एकच तार वाचणं) डिफरन्शियलवर (सिग्नल आणि त्याचा उलटा यांतला फरक वाचणं) घेतले, तारांच्या टोकाला १२० ओहमचा रोध, म्हणजे टर्मिनेशन, लावलं. एन्कोडरची केबल वेगळ्या पाइपातून, मोटर केबलपासून ३० सेंटिमीटर लांब नेली (हीच ती तुम्हाला दिसलेली वायर), शील्ड फक्त कार्डाच्या बाजूला अर्थ केली. मग क्वाड्रेचर मोड लावला, म्हणजे ए आणि बी दोन्हींच्या सगळ्या कडा मोजायच्या आणि त्यावरून दिशाही ओळखायची. त्यात काउंट चौपट होतात, म्हणून ५०० मिलिमीटर घेराच्या व्हीलसाठी सॉफ्टवेअरमधला गुणक (एका काउंटला किती लांबी) ०.५ वरून ०.१२५ मिलिमीटर केला. तो राहिला असता तर १०० मीटरला ४०० दिसले असते आणि तुमचा अभिप्राय याहून कडक आला असता.

फिल्टरचंही (ठरलेल्या वेळेपेक्षा छोटे पल्स गाळणारी सेटिंग) सांगतो, कारण तुमच्या इलेक्ट्रिशियनने तो १ मिलिसेकंदावर ठेवायला सांगितलं होतं. मिनिटाला १२० मीटर वेगाला ए वर सेकंदाला ४,००० पल्स येतात, म्हणजे अर्धा पल्स १२५ मायक्रोसेकंदांचा. १ मिलिसेकंदाच्या फिल्टरने खोटे पल्स गेले असते आणि खरेही! आम्ही १० मायक्रोसेकंद ठेवला.

त्यानंतरचे तीन रोल टेपने मोजले, फरक ५ सेंटिमीटरच्या आत. सर्व्हिस रिपोर्टवर तुमच्याकडची सही आहे.

व्हिजिटचे १,८०० आणि १८ टक्के जीएसटीचे ३२४, हा आकडा फोनवर आधीच सांगितला होता. कार्डाची वॉरंटी कार्डापुरती असते. पॅनेलचं वायरिंग आमचं नव्हतं, तरी माणूस तीन तास थांबला. वायरिंग करणाऱ्याला बोल न लावता कार्डाला एक स्टार मिळाला, याचं वाईट वाटलं. आमच्यासारख्या छोट्या दुकानात नवीन गिऱ्हाईक येण्याआधी हेच वाचतं, सर.

कार्ड पीसीआयचं (पीसीतल्या जुन्या प्रकारच्या स्लॉटचं), जुन्या पद्धतीचं, असंही तुम्ही म्हणता. खरं आहे. पण तुमच्या इंडस्ट्रियल पीसीत तोच स्लॉट आहे आणि तुम्ही त्याचा फोटो पाठवूनच ऑर्डर दिली होतीत.

जोडणीची आकृती मराठीत डब्यात टाकायचा विचार आहे, लवकरच करू. तरीही कार्ड परत करायचं असेल तर बिल आणि ३७ पिनांच्या केबलसह पाठवा, तपासून बघू. आणि मोजणी आता बरोबर येत असेल, तर तेवढं तरी अभिप्रायात जोडावं ही विनंती.